डिजिटल भटके

डिजिटल भटके : एका देशातून उत्पन्न मिळवून दुसऱ्या देशात राहणारे, काही महिन्यांनी शहर बदलणारे, इंटरनेटवर काम करून पोट भरणारे लोक. कंपनीने बदलीवर परदेशी पाठवलेले कर्मचारी, कायमचे स्थलांतरित आणि निव्वळ पर्यटक यांचा यात समावेश होत नाही. मराठीत ‘भटके’ म्हटले की भटक्या-विमुक्त जमाती डोळ्यांपुढे येतात आणि त्या शब्दाला प्रशासकीय अर्थही आहे. म्हणून ‘फिरस्ते’ हा पर्याय अधिक निर्धोक ठरतो. बोलण्यात मात्र ‘डिजिटल नोमॅड’ असेच म्हणतात. ‘नोमॅड’ शब्दाचे मूळ चराईसाठी कळप घेऊन हिंडणाऱ्यांच्या ग्रीक नावात आहे. या लोकांचे हिंडणेही वाटते तितके मोकाट नसते, हे पुढे दिसेल.

उगम : या संज्ञेचे श्रेय सामान्यतः जपानी अर्धवाहक-तंत्रज्ञ त्सुगिओ माकिमोतो आणि ब्रिटिश पत्रकार डेव्हिड मॅनर्स यांच्या १९९७ मधील ‘डिजिटल नोमॅड’ या ग्रंथाला देतात. पण शब्द आणि प्रथा यांची जन्मतारीख एकच मानणे बरोबर नाही. अमेरिकेतील जॅक नाइल्स यांनी १९७३ च्या सुमारास ‘टेलिकम्युटिंग’ ही कल्पना मांडली. तिचा रोख घरबसल्या काम करून रोजची ये-जा वाचवण्यावर होता, हिंडण्यावर नव्हे. त्यामुळे नाइल्स यांना या प्रथेचे जनक म्हणणे ओढूनताणून वाटते.

स्टीव्हन रॉबर्ट्स यांचा दावा अधिक सबळ आहे. १९८३ मध्ये ओहायोतील कोलंबस येथून ते रेलून चालवायच्या सायकलवर निघाले आणि वाटेत लेख लिहून त्यांवर निर्वाह करू लागले. त्यांच्याकडे टीआरएस-८० मॉडेल १०० हा संगणक होता : पडद्यावर ४० अक्षरांच्या आठ ओळी, चार साध्या पेन्सिल सेलवर सुमारे २० तास काम आणि ३०० बॉडचा मोडेम. सार्वजनिक फोनच्या रिसीव्हरला रबरी वाट्या लावून मजकूर धाडायचा, तो सेकंदाला जेमतेम ३० अक्षरे या वेगाने. सहा हजार अक्षरांचा लेख पोचायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागे आणि तेवढ्यात लाइन खरखरली तर मजकुरात कचरा घुसे. ते स्वदेशातच फिरत होते, त्यामुळे परदेशात राहण्याच्या परवान्याचा प्रश्न त्यांना पडला नाही. आजच्या प्रथेचा गाभा मात्र तोच प्रश्न आहे.

अभ्यासकांत व्याख्येबद्दल एकमत नाही. इना रायखेनबर्गर (२०१८) यांनी फिरतीच्या प्रमाणानुसार पायऱ्या पाडल्या. वरच्या पायरीवरच्या माणसाला कायमचे घर नसते. ओल्गा हन्नोनेन (२०२०) यांनी ही संज्ञा जवळच्या इतर संज्ञांपासून वेगळी काढली. प्रत्यक्षात एका गावी घर राखून वर्षातले काही महिने बाहेर काढणारेही पुष्कळ असल्याने पायऱ्यांची मांडणी अधिक उपयोगी पडते.

व्हिसा : २०२० च्या साथीनंतर अनेक देशांनी खास व्हिसे काढले. बार्बाडोस व एस्टोनिया यांनी २०२० मध्येच, पोर्तुगाल आणि स्पेन यांनी नंतर. एस्टोनियाचे ई-रहिवासीपत्र (२०१४) ही परदेशी नागरिकांना मिळणारी डिजिटल ओळख आहे, राहण्याचा परवाना नव्हे. ही गफलत वारंवार होते. भारतात असा स्वतंत्र व्हिसा नाही, गोव्यात लॅपटॉपवर काम करणारे परदेशी असले तरी.

चियांग माईची पद्धत : उत्तर थायलंडमधील हे शहर या प्रथेचे जुने ठाणे आहे. खंदकाने वेढलेल्या चौकोनी जुन्या शहराच्या पश्चिमेला निम्मानहेमिन रस्ता लागतो. कॅफे, सामायिक कार्यालये आणि भाड्याच्या खोल्या यांची गर्दी तिथेच आहे. जवळच्या सांतिताम वस्तीकडे भाडे उतरते.

पूर्वी पर्यटक व्हिसावर राहून, मुदत संपत आली की म्यानमारच्या सीमेवरील मे साई येथे सीमा ओलांडून परतायची रीत होती. भारतीयांना २०२३ च्या अखेरीस ३० दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश मिळाला, जुलै २०२४ मध्ये ती मुदत ६० दिवस झाली. अशा सवलती बदलत असल्याने निघण्यापूर्वी खात्री करावी. त्याच जुलैत आलेला डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) हा पाच वर्षांचा व्हिसा एका प्रवेशाला १८० दिवस देतो. त्यासाठी थायलंडबाहेरूनच अर्ज करावा लागतो आणि ५ लाख बाहत (थाई चलन) शिल्लक दाखवावी लागते. ऐनवेळी कुणाकडून घेऊन भरलेली रक्कम खातेउताऱ्यात लगेच नजरेत येते. या व्हिसावर थाई मालकाकडे काम करता येत नाही.

पोचल्यावर घरमालकाने २४ तासांत टीएम-३० ही, परदेशी माणूस राहायला आल्याची वर्दी इमिग्रेशन कार्यालयाला द्यायची असते. ती त्याने दिली नाही तर महिन्यांनी मुदतवाढ मागताना भाडेकरूचेच काम अडते. म्हणून पावती पहिल्याच आठवड्यात मागून घ्यावी. सलग ९० दिवस झाले की राहता पत्ता कळवणारा टीएम-४७ हा अर्ज भरायचा, देय तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत. देश सोडला की मोजणी पुन्हा एकपासून. मुदत उलटून राहिल्यास दिवसाला ५०० बाहत दंड होतो, कमाल २०,०००.

करासाठी तिथे जानेवारी ते डिसेंबर धरतात आणि १८० दिवस भरले की माणूस निवासी ठरतो. १ जानेवारी २०२४ पासून मिळवलेली परदेशी कमाई निवाशाने देशात आणली तर ती करपात्र आहे. भारतात वर्ष एप्रिलपासून मोजतात आणि कसोटी साधारणतः १८२ दिवसांची. एकच मुक्काम दोन्ही वह्यांत दोन वेगळ्या तऱ्हेने पडतो, म्हणून पासपोर्टवरील शिक्क्यांच्या तारखा स्वतः मांडून ठेवाव्यात.

खोलीसाठी सहसा दोन महिन्यांची अनामत आणि एक महिन्याचे भाडे आगाऊ द्यावे लागते. करारात विजेचा दर आधी पाहावा : सरकारी दर युनिटला चार बाहतच्या आसपास, तर मालक सात-आठही लावतात, आणि एसी रात्रभर चालतो. भारतीय तीन जाड पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. एटीएम दर वेळी २२० बाहत किंवा जास्त घेते, शिवाय ‘रुपयांत रूपांतर करू का’ विचारते. तिथे नकारच द्यावा. बँकेचा ओटीपी भारतीय सिमवर येतो, म्हणून रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करून रिचार्ज चालू ठेवावा. स्कूटर भाड्याने घ्यायची तर आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीच्या रकान्यात शिक्का हवा. नुसत्या मोटारीच्या परवान्यावर अपघात झाला तर विमा कंपनी दावा फेटाळते.

तिथले घड्याळ पुण्याच्या दीड तास पुढे. न्यूयॉर्कच्या सकाळच्या नऊच्या बैठकीला चियांग माईत उन्हाळ्यात रात्रीचे आठ, हिवाळ्यात नऊ वाजलेले असतात.

गर्दीचा हंगाम नोव्हेंबरात, बहुधा आपल्या त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या यी पेंग दीपोत्सवाने सुरू होतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये शेतातला पालापाचोळा आणि डोंगरातले वणवे यांचा धूर खोऱ्यात अडकतो, कारण वरचा उबदार हवेचा थर त्याला वर जाऊ देत नाही. दोई सुथेप डोंगर शहरातून दिसेनासा झाला की धूर दाटला असे समजावे. भिंतीवरचा एसी खोलीतलीच हवा फिरवतो, सूक्ष्म कण गाळत नाही; हेपा गाळणीचे शुद्धीकरण यंत्र लागते आणि खिडक्यांच्या फटी टेपने बुजवाव्या लागतात. धनगर पावसाच्या अंदाजाने मेंढरे हलवतात तसे जुने फिरस्ते मार्च लागण्याआधीच दक्षिणेच्या बेटांकडे किंवा व्हिएतनाममधील दा नांगला सरकतात. सहा महिन्यांचा करार करून बसलेल्यांची अनामत मात्र मागे अडकते.