विश्वोत्पत्तिविषयक वाद, गोमंतकातील

विश्वोत्पत्तिविषयक वाद : विश्व ईश्वराने निर्मिले, निसर्गनियमांनी घडले की त्याला आरंभच नाही, यांविषयीचे मतभेद. गोमंतकात या विषयाला पुराणकथा, ख्रिस्ती धर्मोपदेश आणि आधुनिक विश्वरचनाशास्त्र असे तीन पदर आहेत. ते एकमेकांना थेट भिडल्याचे क्वचितच दिसते.

स्कंदपुराणाचा भाग मानल्या जाणाऱ्या *सह्याद्रिखंडा*तील परशुरामकथा विश्वाची नव्हे, भूमीची उत्पत्ती सांगते : परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटवला. बाणावली गावाचा संबंध लोक याच बाणाशी जोडतात. ग्रंथाची मुद्रित प्रत जर्सन दा कुन्हा यांनी १८७७ मध्ये मुंबईत काढली. रचना एकहाती नसावी. तिचा बराच भाग मध्ययुगीन मानला जातो. किनारा वर आल्याची स्मृती या कथेत शोधणारे लेखक आहेत; परंतु गोव्यातील धारवाडी खडक २५० कोटी वर्षांहून जुने आहेत, तेव्हा हा तर्क फार तर किनारपट्टीपुरता धरता येईल. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–६६) यांनी अशा कथांकडे वसाहत व जमीनधारणेच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहिले. ते अधिक ग्राह्य वाटते.

दुसरा पदर जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स यांच्या *क्रिस्तपुराणा*चा (रायतूर, गोवा, १६१६). कोंकणीची छटा असलेल्या मराठी ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्यांत, बायबलमधील सृष्टिकथेपासून ख्रिस्तचरित्रापर्यंतचा भाग येतो. पुराणे हिरावली गेलेल्या नवख्रिस्ती ब्राह्मणाने प्रश्न करावा व पाद्रीने उत्तर द्यावे, ही त्याची चौकट. स्वर्गाला येथे वैकुंठच म्हटले आहे. पहिली छपाई रोमन लिपीत झाली; देवनागरी हस्तलिखितही उपलब्ध असून मूळ लेखन कोणत्या लिपीत झाले, याविषयी एकमत नाही. १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत हाती नसल्याने छपाईचा आधार घेणाऱ्या युक्तिवादांना मर्यादा पडतात. जोसेफ सल्ढाणा यांची मंगळूर आवृत्ती (१९०७) हस्तलिखितांवरूनच सिद्ध झाली.

विज्ञान एका बाजूला आणि श्रद्धा दुसऱ्या बाजूला, अशी या वादाची मांडणी सर्रास होते. ती विज्ञानाच्या इतिहासाशी जुळत नाही. आदिम अणूची, म्हणजे विश्वाचा आरंभ एका अतिसघन अवस्थेतून झाल्याची कल्पना (महास्फोट सिद्धांताचे पूर्वरूप) मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते; तरीही १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धांतात निर्मितीचा दाखला पाहिला, तेव्हा ते लमेत्र यांना रुचले नाही. उलट आरंभ नाकारणारा स्थिर स्थिती सिद्धांत (१९४८) बाँडी, गोल्ड व हॉईल यांचा. विश्वभर पसरलेले, महास्फोटाचा अवशेष मानले जाणारे सुमारे २.७ केल्व्हिन तापमानाचे सूक्ष्मतरंग प्रारण १९६५ मध्ये जाहीर झाल्यावर तो मागे पडला. हॉईल, बर्बिज आणि जयंत नारळीकर यांनी १९९३ मध्ये त्याचे सुधारित रूप मांडले. त्यात या प्रारणाचा उगम ताऱ्यांच्या प्रकाशात शोधला आहे : अंतराळात विखुरलेल्या लोखंडाच्या अतिसूक्ष्म सुया तो प्रकाश शोषून सूक्ष्मतरंगांत परत सोडतात. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी हे स्वीकारलेले नाही. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे धरले जाते. ऋग्वेदातील नासदीय सूक्त (१०.१२९) या चर्चेत हटकून उद्धृत होते, मात्र सृष्टीच्या अध्यक्षालाही तिचा उगम ठाऊक नसेल, या त्याच्या शेवटच्या शंकेकडे सहसा दुर्लक्ष होते.

गुरुत्वाकर्षण व विश्वरचनाशास्त्रावरील आंतरराष्ट्रीय परिषद डिसेंबर १९८७ मध्ये गोव्यात भरली. तिच्या कार्यवृत्ताच्या संपादकांत नारळीकर होते.