इस्फहानची बोली कुणी राखली?

इराणच्या इस्फहान शहरात आज कुणाशीही बोललात तरी उत्तर फारसीतच येणार. पण फारसी तिथली मूळची नव्हे. ती दक्षिणेतल्या फार्स प्रांतातून पसरली. त्याआधी इस्फहान, काशान, हमदान या पट्ट्यात पश्चिम इराणातल्या प्राचीन मीड लोकांच्या भाषेशी नातं सांगणाऱ्या बोली चालत. शहरातल्या मुसलमानांनी त्या हळूहळू सोडल्या. ज्यू मात्र जुबारे या आपल्या मोहल्ल्यात जुनंच बोलत राहिले. म्हणजे जिला ‘ज्यूंची बोली’ म्हणतात, ती खरं तर इस्फहानचीच जुनी बोली!

फारसीत दाराला ‘दर’ म्हणतात, या बोलीत ‘बर’. संस्कृत ‘द्वार’ हे दोघांचं भावंड. जोडाक्षरातला ‘द’ टिकला तर ‘दर’, ‘व’ वरचढ ठरला तर ‘बर’. मराठीत तर दोन्ही झालंय: ‘द्वार’चं ‘दार’, पण ‘द्वादश’चं ‘बारा’. ‘जाणणे’चंही तसंच. फारसीत त्याचा धातू ‘दान’, तर या बोलींच्या गटात सुरुवातीला आपल्या ‘जाण’मधल्या ‘ज’च्या जवळचा आवाज येतो. त्यातही इस्फहानच्या ज्यूंची लकब न्यारी. ‘स’ म्हणताना त्यांची जीभ दातांत येते, इंग्रज माणूस ‘थँक्यू’ म्हणतो तशी.

परक्यासमोर बोलायचं असलं की ‘लोतराई’ ही गुप्त भाषा निघे. आपली मुलं ‘च’ची भाषा करतात ती अक्षरं फिरवून, इथे व्याकरण स्थानिक बोलीचंच, पण मोक्याचे शब्द हिब्रू-अरामी. शेजारच्या दुकानदाराला क्रियापदाचा प्रत्यय ओळखीचा वाटे, पण सौदा कितीचा, ते काही कळत नसे.

मग मोहल्ल्याची भिंत विरली. इस्फहानमध्ये १९०१ साली फ्रेंच धर्तीची ज्यू शाळा निघाली, पुढे लोक तेहरानला गेले, १९४८नंतर इस्रायलला, १९७९च्या क्रांतीनंतर लॉस एंजेलिसला. तेहरानमध्येच पोरांशी फारसी बोलायची सवय लागली होती.

कागदावर शोधायला जाल तर हाती फारसं लागत नाही. इराणी ज्यूंचं वाङ्मय मोठं आहे, १४व्या शतकातल्या शाहीनची महाकाव्यं आहेत. पण लिपी हिब्रू असली तरी भाषा फारसी. घरची बोली लिहिण्याची रीतच नव्हती. त्यामुळे डोनाल्ड स्टिलोंसारख्या भाषाशास्त्रज्ञांना म्हाताऱ्या माणसांपुढे बसूनच ती टिपून घ्यावी लागली.