चेतासंस्थेत प्रतिरक्षापेशींचा प्रवेश

मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या स्वप्रतिरक्षा विकारांत, म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःवरच उलटते अशा आजारांत, रक्तातील टी-लसिकापेशी मेंदू व मेरुरज्जूत शिरतात आणि चेतातंतूंवरील मायेलिनचे आवरण नष्ट होऊ लागते. हा प्रवेश सहज होत नाही. रक्तात सोडलेल्या रंगाने प्राण्याचे बाकी अवयव रंगतात, मेंदू मात्र कोरा राहतो, हे पॉल एर्लिख यांनी १८८५ मध्ये नोंदवले होते; मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात, हे त्याचे कारण पुढे कळले.

रक्त आणि मेंदू यांच्यामधला हा तट एकपदरी नाही. देवगिरीच्या किल्ल्यात खंदक ओलांडलेल्या शत्रूला पुढे अंधारीचा वळणावळणाचा भुयारी मार्ग गाठत असे. मेंदूतही अस्तरपेशींच्या मागे एक अरुंद पोकळी आणि तिच्या पलीकडे ॲस्ट्रोसाइट या मेंदूतील आधारपेशींच्या पायांनी विणलेला दुसरा पडदा असतो.

सूक्ष्म नीलांत टी-पेशीचा वेग मंदावतो, तिच्यावरील व्हीएलए-४ हे प्रथिन भिंतीवरील व्हीकॅम-१ला घट्ट धरते, आणि मग ती, पुष्कळदा रक्तप्रवाहाच्या उलट दिशेने, सरपटत जागा शोधून सांध्यातून किंवा थेट अस्तरपेशीतून पार होते. खरा निकाल मात्र पोकळीत लागतो. तेथील प्रतिजन (प्रतिरक्षापेशी ओळखतात तो पदार्थ) दाखवणाऱ्या पेशींकडे मायेलिनचा ओळखीचा तुकडा दिसला, तरच टी-पेशी पुन्हा चेतते. त्यानंतर मेटॅलोप्रोटिनेज विकरे दुसरा पडदा कातरतात.

म्हणून मेंदू व मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात केवळ पेशी सापडणे म्हणजे रोग नव्हे. मराठवाड्यातल्या वॉर्डांत नातेवाईक ‘पाठीचं पाणी काढलं’ म्हणतात ती मेंदूमेरुद्रवाची तपासणी. या पाण्यात निरोगी माणसातही दर घन मिलिमीटरला ५ पर्यंत पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांत टी-पेशीच जास्त. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये ही संख्या सहसा ५० च्या पुढे जात नाही. ती शेकड्यांत गेली, तर आपल्याकडे क्षयजन्य मेंदूज्वराची शंका आधी घ्यावी लागते. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम हे शिरेतून देण्याचे, चित्र उठावदार करणारे द्रव्य दिल्यावर पांढरा उजळणारा डाग हा तट त्या जागी गळत असल्याची खूण असतो.

व्हीएलए-४ अडवणाऱ्या नॅटालिझुमॅब या मल्टिपल स्क्लेरोसिसवरील औषधाला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. पण मेंदूला जंतूंपासून राखणाऱ्या पहारेकरी पेशीही बाहेरच थांबल्याने काही रुग्णांत जेसी विषाणूने मेंदू पोखरला. औषध २००५ मध्ये मागे घेतले गेले आणि २००६ मध्ये कडक देखरेखीच्या अटीवर परत आले. आता ते देण्यापूर्वी आणि उपचार चालू असताना या विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी करतात.