ट्यूनेबल लेसरने मोजणी: स्टेप पद्धतीपासून स्वीप पद्धतीपर्यंत

फिल्टर, कपलर किंवा मल्टिप्लेक्सर यांसारख्या प्रकाशीय घटकातून जाताना कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती घटतो, हे ट्यूनेबल लेसर (तरंगलांबी बदलता येणारा लेसर) आणि पॉवर मीटर (प्रकाशाची शक्ती मोजणारे उपकरण) यांच्या जोडीने दोन प्रकारे मोजता येते. स्टेप पद्धतीत लेसर प्रत्येक तरंगलांबीवर थांबतो. स्वीप पद्धतीत तो न थांबता सरकत राहतो. मीटरने वाचन घेतले त्या क्षणी तरंगलांबी नेमकी किती होती, या प्रश्नाचे उत्तर जसजसे बदलत गेले, तसतशा या पद्धती घडत गेल्या.

ऑप्टिकल फायबरमधून एकाच तरंगलांबीवर संदेश जात होते, तोवर घटकाचा लॉस, म्हणजे त्यातून जाताना होणारी प्रकाशाची घट, 1310 किंवा 1550 नॅनोमीटरला मोजला तरी भागत असे. 1987 मध्ये प्रकाशाची शक्ती थेट फायबरमध्येच वाढवणारा एर्बियमयुक्त फायबर अ‍ॅम्प्लिफायर सिद्ध झाला आणि 1990 च्या दशकात एकाच फायबरमधून अनेक तरंगलांबी पाठवणे व्यवहार्य ठरले. पुढे या चॅनेलांची आखणी 193.1 टेराहर्ट्झ हा आधारबिंदू धरून प्रमाणित झाली. 1550 नॅनोमीटरच्या आसपास 100 गिगाहर्ट्झचे अंतर म्हणजे जेमतेम 0.8 नॅनोमीटर. इतक्या अरुंद फिल्टरच्या उभ्या कडा आणि खोल अवरोध तपासायला रुंद पट्ट्याचा प्रकाशस्रोत अपुरा पडतो, कारण त्याची शक्ती साऱ्या तरंगलांबींत विखुरलेली असते.

स्टेप पद्धतीने सुरुवातीची गरज भागवली. लेसर स्थिर झाल्यावर मीटर हवी ती रेंज (मोजता येणाऱ्या शक्तीची मर्यादा) निवडू शकतो आणि सावकाश सरासरी घेऊ शकतो, म्हणून खोल लॉस मोजण्यासाठी ती आजही विश्वासार्ह आहे. मात्र 40 नॅनोमीटरचा पट्टा 10 पिकोमीटरच्या टप्प्यांनी तपासायचा तर 4000 बिंदू होतात, आणि प्रत्येकाला अर्धा सेकंद धरला तरी अर्ध्या तासाहून अधिक वेळ जातो. उत्पादनाच्या ओळीवर हे परवडणारे नव्हते.

सलग सरकण्यात मोठी अडचण होती ती मोड हॉपची, म्हणजे सरकता सरकता लेसरने एका मोडवरून (लेसरच्या पोकळीत टिकणाऱ्या ठरावीक लहरीवरून) दुसऱ्यावर उडी मारण्याची. लिटमन आणि मेटकाफ यांनी 1978 मध्ये डाय लेसरसाठी (रंगद्रव्यावर चालणाऱ्या लेसरसाठी) ग्रेटिंग (तरंगलांबीनुसार प्रकाश वेगवेगळ्या कोनांत वळवणारा रेघांचा पृष्ठभाग) व फिरत्या आरशाची रचना मांडली होती. 1981 मध्ये ल्यू आणि लिटमन यांनी आरशाचा फिरण्याचा बिंदू योग्य जागी ठेवला, तर मोड न बदलता लेसर सरकवता येतो, हे दाखवले. मला हा या कथेतला निर्णायक टप्पा वाटतो. पुढे सेमीकंडक्टर लेसरच्या बाह्य पोकळीतही हीच भूमिती उपयोगी पडली.

आता लेसर सरकताना ट्रिगर (वाचन घेण्याचा इशारा) देतो आणि मीटर त्या तालावर वाचने साठवतो. अंतर्गत तरंगलांबीमापक किंवा अ‍ॅसिटिलीनसारख्या वायूच्या ठरलेल्या शोषणरेषा यांच्या आधारे प्रत्येक वाचनाची तरंगलांबी निश्चित होते. सेकंदाला 100 नॅनोमीटर वेग आणि 100 मायक्रोसेकंदांची सरासरी असेल, तर एकाच वाचनात 10 पिकोमीटर मिसळतात. त्याहून अरुंद रेझोनन्स (आलेखातले अरुंद शिखर किंवा खड्डा) मोजायचा तर वेग तरी कमी करावा लागतो, सरासरी तरी. डिटेक्टर मंद असेल तर आलेख स्वीपच्या दिशेने सरकतो; दोन्ही दिशांनी स्वीप करून पाहिले की हा दोष उघड होतो. शिवाय सरकताना मीटरची रेंज बदलणे अवघड असल्यामुळे खोल फिल्टरसाठी वेगवेगळ्या रेंजमध्ये पुन्हा स्वीप करून आलेख जोडले जातात.

ध्रुवणावर (प्रकाशलहरीच्या कंपनाच्या दिशेवर) अवलंबून असणारा लॉस काढण्यासाठी चार ठरावीक ध्रुवणस्थितींत मोजून म्यूलर मॅट्रिक्सची (घटक प्रकाशाची शक्ती व ध्रुवण कसे बदलतो ते सांगणाऱ्या आकड्यांच्या चौकटीची) पहिली ओळ मिळवतात. एक स्वीप काही सेकंदांत संपू लागल्यामुळे, फायबर हलून ध्रुवण बिघडण्याआधीच चारही स्थितींची मोजणी पूर्ण करता येऊ लागली.