कपातले २५० आणि काट्यावरचे २५०

‘एक कप म्हणजे पाव किलो’ हे पुण्यातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते पाण्यापुरतं, फार तर दुधापुरतं खरं आहे. तुळशीबागेतून आणलेल्या मापाच्या कपावरचे २५० हे मिलिलिटर असतात. त्याच कपात साखर साधारण २०० ते २१० ग्रॅम मावते, तेल २३०, मध मात्र साडेतीनशेच्या आसपास. मैद्याचं तर विचारूच नका: चाळून अलगद भरला तर १२०-१३०, दाबून भरला तर दीडशेच्याही वर! दिवाळीत शंकरपाळ्यांचं पीठ कधी सैल, कधी घट्ट होतं ते बरेचदा यामुळेच. कृती ग्रॅममध्ये असेल तर काटाच घ्या. वाट्यांत असेल तर सगळं एकाच वाटीनं मोजा, मैदा चमच्यानं भरून सुरीनं सपाट करा.