चाकूच्या गार्डचे सोल्डरिंग

हाताने घडवलेल्या चाकूत पाते आणि मूठ यांच्यामध्ये बसणारा धातूचा आडवा तुकडा म्हणजे गार्ड. बोटे धारेवर सरकू नयेत म्हणून तो असतो. पितळ, जर्मन सिल्व्हर किंवा स्टेनलेस पोलादाचे गार्ड पात्याला डाख देऊन, म्हणजे सोल्डर हा लवकर वितळणारा धातू फटीत वितळवून, जोडण्याची पद्धत अमेरिकेतील शिकारी चाकूंच्या कारागिरांत रूढ आहे.

या जोडाकडून मजबुतीची अपेक्षा ठेवू नये. गार्ड हलत नाही ते घट्ट बसणीमुळे आणि मागून दाबणाऱ्या मुठीमुळे; सोल्डर फक्त फट बुजवते, म्हणजे पाणी किंवा रक्त आत शिरून शेपटी, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा अरुंद भाग, गंजत नाही. म्हणून निम्म्याहून अधिक काम कानशीचे. शेपटी ४ मिमी जाड असेल तर ३.५ मिमीची भोके ओळीने पाडून खाच कानशीने वाढवत नेतात. गार्ड पात्याच्या खांद्यांवर (पाते अरुंद होऊन शेपटी सुरू होते तिथे) टेकले की उजेडासमोर धरावे. प्रकाशाची रेघ दिसली तर बसण अपुरी आहे. गार्डचा पुढचा चेहरा आणि त्यालगतचे पाते आधीच पॉलिश करावे, नंतर तिथे हात पोहोचत नाही.

सगळी काळजी पात्याचे पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरू नये याची. ९६ टक्के कथील आणि ४ टक्के चांदीचे सोल्डर सुमारे २२१ अंश सेल्सिअसला वितळू लागते, तर साध्या कार्बन पोलादाच्या पात्याचे टेम्परिंग (कडक केलेले पोलाद ठिसूळ राहू नये म्हणून बेताने तापवणे) बहुधा २०० ते २३० अंशांत झालेले असते. चांदीचे कठीण डाख ६०० अंशांच्या वर वितळते, ते इथे चालत नाही.

जोडाच्या जागा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून अ‍ॅसिटोनने पुसाव्यात. तेलकट बोट लागले तरी सोल्डर तिथे धरत नाही. टोक वर ठेवून शेपटी व्हाइसमध्ये पकडावी, पात्याला ओले फडके गुंडाळावे. फडके पिळलेले हवे, कारण टपकलेला थेंब जोड मध्येच थंड करतो. झिंक क्लोराइडचा फ्लक्स (धातू स्वच्छ ठेवून सोल्डर वाहू देणारा द्रव) लावून ज्योत खालून, गार्डच्या मुठीकडच्या बाजूवर फिरवावी. सोल्डरची तार वरून फटीला टेकवावी. ती ज्योतीने नव्हे, तापलेल्या धातूने वितळली पाहिजे. सोल्डर उष्णतेकडे धावते, म्हणून खालची आच त्याला फटीत ओढून घेते. फ्लक्स काळा पडला तर आच जास्त झाली: सोल्डर गोळ्या होऊन घरंगळते, तेव्हा थांबून सगळे पुन्हा साफ करण्यावाचून इलाज नाही. जोड खरखरीत, निस्तेज दिसला तर बहुधा आच कमी पडली किंवा गोठताना गार्ड हलले. धारेवर निळा रंग चढला तर तापमान ३०० अंशांच्या आसपास गेले. पाते पुन्हा पाणी देऊनच सुधारते.

वाहिलेले जादा सोल्डर पितळी सळईच्या धारदार टोकाने खरवडावे. पितळ पोलादावर ओरखडे पाडत नाही. शेवटी जोड खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात नीट धुवावा आणि लगेच वाळवून तेल लावावे. ही पायरी टाळली की आत अडकलेला आम्लधर्मी फ्लक्स काही आठवड्यांनी झिरपतो, पितळावर हिरवट डाग येतात आणि गार्डलगत गंजाची बारीक रेघ उमटते.