अँटीऑक्सिडंट, इम्युनिटी आणि व्हायरल ताप

अँटीऑक्सिडंट म्हणजे शरीरातल्या ऑक्सिडेशनला, म्हणजे ऑक्सिजनमुळे पेशींची जी रासायनिक जाळपोळ होते तिला, आवर घालणारे पदार्थ. काही शरीर स्वतःच बनवतं, म्हणजे ग्लुटाथायोन, युरिक ॲसिड, कॅटलेज आणि एसओडी (सुपरऑक्साइड डिसम्युटेज) सारखी एन्झाइम्स, आणि काही पोटातून यावे लागतात, म्हणजे व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई, बीटा कॅरोटीन, हळद, कोकम आणि चहातले पॉलिफेनॉल. मुंबईत मात्र हा शब्द बहुतेकांना केमिस्टच्या काउंटरवर भेटतो. पाऊस सुरू झाला, घरोघरी ताप सुरू झाले की पॅरासिटामॉलच्या पट्टीबरोबर व्हिटॅमिन सीची चघळायची नारिंगी गोळी आणि झिंकवाली मल्टिव्हिटॅमिन पिशवीत पडतेच, डॉक्टरने लिहिलेली असो वा नसो. कारण काय तर इम्युनिटी वाढते. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात गोची अशी की आपली इम्युन सिस्टिम स्वतःच ऑक्सिडेशन हत्यार म्हणून वापरते.

हत्यार आणि ब्रेक

रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात आणि मग एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम चालू करून ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड हा त्याचा जहाल प्रकार बनवतात, त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि त्यापासून पुढे हायपोक्लोरस ॲसिड, म्हणजे पाण्यात क्लोरीन टाकल्यावर जंतू मारणारं जे रसायन तयार होतं तेच. हे सगळं पेशीच्या आतल्या एका छोट्या पिशवीत. ज्या मुलांमध्ये हे एन्झाइम जन्मतःच बिघडलेलं असतं त्यांना क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज होतो, आणि मग परत परत न्यूमोनिया, लिव्हरमध्ये गळू, बुरशीचं इन्फेक्शन असं चालूच राहतं. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, तिथे अशा आजारांचं निदान होतं. टेस्टची युक्तीही मजेदार आहे, पांढऱ्या पेशींना डिवचायचं आणि ऑक्सिडेशन झाल्यावर चमकणारा एक रंग त्यांच्यात चमकतो का ते मशीनवर बघायचं. चमकला नाही तर हत्यार नाही. म्हणजे ऑक्सिडेशन होऊच नये असं कोणी म्हणत असेल तर त्याने आधी या मुलांकडे बघावं.

हे हत्यार चालवताना पेशी स्वतः जळू नये म्हणून ब्रेक लागतो, आणि अँटीऑक्सिडंट हा तो ब्रेक. न्यूट्रोफिल स्वतःच्या आत व्हिटॅमिन सी साठवून ठेवतात, प्लाझ्मापेक्षा, म्हणजे रक्तातल्या पातळ भागापेक्षा, किमान ५० पट जास्त. टी-पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) ॲक्टिव्ह होतानाही थोडं ऑक्सिडेशन हा सिग्नल म्हणून लागतो, ते पूर्ण दाबून टाकलं तर सिग्नलच पोचत नाही. अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीत मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये सुपरऑक्साइड नष्ट करणारं एसओडी शोधून काढलं तेव्हा पहिल्यांदा पक्कं कळलं की शरीरात हे इतकं नेहमीचं आहे की त्यासाठी खास एन्झाइम ठेवलेलं आहे. या एन्झाइमच्या एका प्रकारात तांबं आणि झिंक असतं. झिंक स्वतः अँटीऑक्सिडंट नाही, पण गोळीच्या जाहिरातीत त्याला याच यादीत बसवतात.

व्हायरसच्या बाबतीत हिशोब थोडा वेगळा

बॅक्टेरिया आणि बुरशीवर हे हत्यार चांगलं चालतं. व्हायरस आपल्याच पेशीत शिरून बसलेला असतो, त्यामुळे तिथे ऑक्सिडेशनचा मार बऱ्याचदा घरच्यांनाच बसतो. फ्लूमध्ये फुप्फुसाचं नुकसान व्हायरस वाढल्याने जितकं होतं तितकंच, कधी त्याहून जास्त, त्याच्या मागे धावलेल्या पेशींमुळे होतं. १९८९ मध्ये जपानी संशोधकांनी जीवघेणा फ्लू दिलेल्या उंदरांना एसओडी एका पॉलिमरला जोडून टोचलं, तेही इन्फेक्शन झाल्यावर काही दिवसांनी, आणि बरेच उंदीर वाचले.

माणसांवरचा एक अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे कारण त्यातून फरक स्वच्छ दिसतो. इटलीत १९९७ साली छापून आला, २६२ लोक, बहुतेक वयस्कर, अर्ध्यांना सहा महिने एन-ॲसिटिलसिस्टीन ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, बाकीच्यांना औषध नसलेली तशीच गोळी. हे औषध शरीरात ग्लुटाथायोन बनवायला कच्चा माल पुरवतं, आपल्याकडे कफ पातळ करायला पाण्यात विरघळणाऱ्या गोळीत देतात तेच. फ्लूच्या व्हायरसची लागण दोन्ही गटांत साधारण सारखीच झाली, रक्ताच्या टेस्टमध्ये दिसली. पण लागण झालेल्यांपैकी औषधवाल्यांमध्ये २५ टक्के आजारी पडले आणि औषध नसलेल्या गोळीवाल्यांमध्ये ७९ टक्के. म्हणजे व्हायरस अडला नाही, आजार सौम्य झाला. अभ्यास एकच आणि छोटा, त्यावरून कोणी रोज गोळी सुरू करू नये, पण अँटीऑक्सिडंटकडून काय अपेक्षा ठेवावी हे यातून समजतं.

कमतरता असली की मात्र चित्र पालटतं, आणि सेलेनियम या खनिजाचं उदाहरण यातलं सगळ्यात भारी आहे. चीनच्या ईशान्येला केशान भागात लहान मुलं आणि बाळंतपणाच्या वयातल्या बायका हृदयाच्या एका आजाराने दगावायच्या. तिथल्या मातीत सेलेनियम फार कमी, त्यामुळे धान्यातही कमी, आणि सेलेनियमशिवाय ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे अँटीऑक्सिडंट एन्झाइम बनत नाही. पण नुसत्या कमतरतेने आजाराचे चढउतार समजत नव्हते, मग कॉक्सॅकी व्हायरसही यात असल्याचं लक्षात आलं. १९९० च्या दशकात अमेरिकेत मेलिंडा बेक यांनी सेलेनियम कमी असलेल्या उंदरांना कॉक्सॅकीचा निरुपद्रवी प्रकार दिला, तर तो त्यांच्यात बदलून हृदयाला इजा करणारा झाला. आणि तो बदललेला व्हायरस नंतर नीट खाल्लेल्या उंदरांनाही आजारी पाडायला लागला! म्हणजे एकाच्या कुपोषणाचा भुर्दंड शेजाऱ्याला. दाटीवाटीच्या शहरात राहणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवण्यासारखं आहे.

व्हिटॅमिन सीचं प्रकरण

व्हिटॅमिन सी वेगळं काढणाऱ्या हंगेरीच्या सेंट-ग्योर्गी यांना १९३७ चं नोबेल मिळालं. सर्दीशी त्याची गाठ घातली लायनस पॉलिंग यांनी. दोन नोबेल मिळालेला माणूस, केमिस्ट्रीचं १९५४ चं आणि शांततेचं १९६२ चं, त्यामुळे १९७० मध्ये त्यांनी रोज ग्रॅमच्या हिशोबात व्हिटॅमिन सी घ्या म्हणून पुस्तक लिहिलं तर जग ऐकणारच. मोठ्या माणसाने आपल्या विषयाबाहेर ठामपणे बोललं की काय होतं त्याचा हा नमुना.

नंतरच्या ट्रायल एकत्र करून २०१३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला तो असा, रोज घेतलं तरी सामान्य माणसाची सर्दी टळत नाही, झालेली सर्दी मोठ्यांत साधारण ८ टक्के आणि मुलांत १४ टक्के लवकर आटपते, आणि शिंका सुरू झाल्यावर गोळी सुरू केली तर असा ठोस फायदा दिसत नाही. आपण नेमकं शेवटचंच करतो. अपवाद एक, प्रचंड शारीरिक ताणात असलेले लोक, म्हणजे मॅरेथॉन धावणारे, स्कीइंग करणारे, कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक, यांच्यात सर्दीचा धोका निम्मा झाला. त्यावर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला उतरणारे खूष होतात, पण दुसरी बाजूही आहे, २००९ च्या एका जर्मन अभ्यासात व्यायामाबरोबर व्हिटॅमिन सी आणि ईचे मोठे डोस दिले तर व्यायामाने इन्सुलिनचं काम जे सुधारतं तेच दबलं.

मोठ्या डोसचा फायदा का होत नाही याचं उत्तर आतड्यात आणि किडनीत आहे. साधारण २०० मिलिग्रॅमपर्यंत जवळजवळ सगळं शोषलं जातं, एका वेळी १ ग्रॅमच्या वर गेलं की निम्म्याहून कमी, आणि जास्तीचं लघवीवाटे बाहेर. न्यूट्रोफिल तर रोजच्या १०० मिलिग्रॅमलाच भरून जातात. भारतात आयसीएमआर-एनआयएनने २०२० मध्ये रोजची गरज पुरुषांना ८० आणि बायकांना ६५ मिलिग्रॅम सांगितलीय. चघळायची गोळी ५०० ची असते.

कोविडमध्ये या गोळ्यांवर उड्या पडल्या, काही दिवस दुकानात मिळेनाशा झाल्या, व्हॉट्सॲपवर रोज नवा काढा. मग ट्रायल आल्या. २०२१ मध्ये अमेरिकेत घरीच असलेल्या पेशंटना रोज ८ ग्रॅम व्हिटॅमिन सी, झिंक, दोन्ही किंवा काहीच नाही असं देऊन पाहिलं, बरं होण्याच्या दिवसांत म्हणण्यासारखा फरक नाही. २०२१ मध्येच आपल्याकडेही आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या नव्या सूचनांमधून सौम्य कोविडसाठी झिंक आणि मल्टिव्हिटॅमिन काढून टाकले. आयसीयूतही तेच, २०२२ च्या ट्रायलमध्ये सेप्सिसच्या, म्हणजे इन्फेक्शनने अवयव बिघडायला लागलेल्या, पेशंटना शिरेतून व्हिटॅमिन सी दिलं तर मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण उलट जास्तच निघालं.

बीटा कॅरोटीनची गोष्ट तर त्याहून वाईट. व्हायरसशी संबंध नाही पण सांगायलाच हवी, फिनलंडमध्ये सिगरेट ओढणाऱ्यांना कॅन्सर टळावा म्हणून गोळ्या दिल्या आणि १९९४ मध्ये निकाल आला तो लंग कॅन्सर वाढल्याचा.

डेंग्यू, गोवर, कावीळ

मुंबईतल्या पावसाळी तापांमध्ये डेंग्यू सगळ्यात भीतीचा, आणि पपईच्या पानांचा रस त्याच्यासोबत येतोच. पानात अँटीऑक्सिडंट आहेत, प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्याचे छोटे अभ्यासही आहेत, पण डेंग्यूत जीव धोक्यात येतो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा गळल्याने, आणि तिथे कामाला येतं ते पाणी, सलाइन आणि हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणावर, लक्ष. प्लेटलेट तशाही बरं होताना आपोआप चढतात, क्रेडिट रसाला जातं.

डेंग्यूत अँटीऑक्सिडंटचा खरा प्रश्न लिव्हरमध्ये आहे. पॅरासिटामॉलचा थोडा भाग लिव्हरमध्ये विषारी होतो आणि ग्लुटाथायोन त्याला पकडून निकामी करतं. तापात चार दिवस धड जेवण नाही, लिव्हर व्हायरसने आधीच सुजलेलं, ग्लुटाथायोनचा साठा खाली, आणि घरचे ताप उतरत नाही म्हणून गोळीवर गोळी देतायत, वर सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं हे कोणी वाचत नाही. मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा, लिव्हर बिघडलेलं असेल तर त्याहून कमी. ओव्हरडोस झाला तर उतारा तोच, एन-ॲसिटिलसिस्टीन. अँटीऑक्सिडंटचा याहून पक्का, जीव वाचवणारा उपयोग वैद्यकात क्वचितच सापडेल, आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन डेंग्यूत टाळतात, रक्तस्रावाच्या भीतीने.

गोवरात व्हिटॅमिन एचं काम वेगळं. २०२२ च्या शेवटी गोवंडी भागात गोवराची साथ आली, कस्तुरबा हॉस्पिटलमध्ये मुलं भरती झाली, तेव्हा लसीबरोबर व्हिटॅमिन ए देण्यावरही भर होता. वर्षावरच्या मुलाला दोन दिवस, रोज २ लाख युनिट, अशी डब्ल्यूएचओची शिफारस आहे, डॉक्टरकडूनच. पण हे अँटीऑक्सिडंट म्हणून देत नाहीत, गोवर शरीरातलं व्हिटॅमिन ए उपसून टाकतो आणि श्वासनलिका, आतडी, डोळ्यांचं अस्तर टिकवायला ते लागतं म्हणून देतात.

पावसाळ्यातली कावीळ म्हणजे बहुतेकदा हिपॅटायटिस ए आणि ई, दूषित पाण्यातून येणारी. त्यात जी-सिक्स-पीडी एन्झाइम कमी असलेले लोक सापडले तर वेगळाच घोळ होतो. हे एन्झाइम लाल पेशीतलं ग्लुटाथायोन कामाचं ठेवतं, त्याची कमतरता पारशी समाजात बरीच आढळते, इतर समाजांतही आहे, आणि ती बहुतेक मुलग्यांत दिसते. एरवी माणूस ठणठणीत, पण व्हायरल हिपॅटायटिस किंवा चुकीचं औषध आलं की लाल पेशी भराभर फुटतात, लघवी कोलासारखी काळपट होते आणि बिलिरुबिन (काविळीत अंग पिवळं करणारं द्रव्य) नेहमीच्या काविळीपेक्षा खूपच वर जातं.

खाण्यातून

पेरू १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या वर व्हिटॅमिन सी देतो, आवळा त्याहून जास्त, संत्रं या दोघांच्या जवळपासही नाही. स्टेशनबाहेर मीठ-तिखट लावून मिळणारा अर्धा पेरू म्हणजे दिवसाची गरज भागली, फक्त सुरी आणि पाणी कसलं आहे ते बघा, नाहीतर व्हिटॅमिनबरोबर गॅस्ट्रोही. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, हिरवी मिरचीही चांगली. उकळलं की व्हिटॅमिन सी बरंच जातं, म्हणून लिंबू आमटी उतरवल्यावर पिळायचं. हळदीत कर्क्युमिन हा कामाचा घटक फक्त ३ टक्क्यांच्या आसपास आणि तेही आतड्यात नीट शोषलं जात नाही, काळ्या मिरीने शोषण वाढतं हे बेंगळुरूच्या १९९८ च्या अभ्यासात दिसलं, पण हळदीचं दूध पिऊन ताप गेला असं सिद्ध करणारं काही नाही. घशाला बरं वाटतं, ते प्यायला पुरेसं कारण आहे. पाकिटावर अमुक इतकी अँटीऑक्सिडंट पॉवर छापतात ते आकडे टेस्ट-ट्यूबमधले असतात, अमेरिकेच्या कृषी खात्याने असा आकड्यांचा तक्ता २०१२ मध्ये वेबसाइटवरून काढूनच टाकला.

काळजी

जी-सिक्स-पीडी कमी असणाऱ्यांना शिरेतून दिलेल्या मोठ्या डोसच्या व्हिटॅमिन सीने लाल पेशी फुटू शकतात, त्यामुळे ग्लो आणि इम्युनिटीच्या नावाने सलाइन लावणाऱ्या ठिकाणी जाण्याआधी ही टेस्ट झालेली बरी. ज्यांना किडनी स्टोन होऊन गेलाय त्यांनीही रोज ग्रॅमभर गोळ्या टाळाव्या, व्हिटॅमिन सीचं शरीरात ऑक्झलेट होतं. आणि डायबिटिसवाल्यांसाठी एक, व्हिटॅमिन सीचा मोठा डोस शिरेतून गेल्यावर बोटाला टोचून बघायची काही ग्लुकोमीटर साखर खोटी जास्त दाखवतात, त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते, अशा वेळी लॅबचाच रिपोर्ट धरायचा.